एकेचाळीस नंबरची दोन पानं

खोटं बोलणाऱ्याची स्मरणशक्ती चांगली लागते, असं जुनी माणसं सांगून गेली. त्याला मोजताही नीट यावं लागतं, हे मात्र कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर प्रोफेसरची अशी फजिती झाली नसती.

प्रोफेसर म्हणजे खरा प्रोफेसर नव्हे. पाच वर्षांचा असताना आजोबांच्या चष्म्याची बिनकाचेची फ्रेम नाकावर चढवून तो दुकानभर हिंडायचा, तेव्हा आत्याने ठेवलेलं हे नाव. आता तो मानसशास्त्राच्या एम. ए.च्या शेवटच्या वर्षाला होता आणि घरात खरोखरच कोणी प्रोफेसर होणार अशी चिन्हं दिसत होती. निदान घरच्यांना दिसत होती. त्याला स्वतःला गेली दोन वर्षं काहीच दिसत नव्हतं, पण ते पुढे येईल.

दुकान बाइंडिंगचं. तळमजल्यावर एक शटर, आत लांबलचक टेबल, पानं दाबायचा लोखंडी चाकाचा शिकंजा, भिंतीला पुठ्ठ्यांच्या थप्प्या आणि कोपऱ्यात खळीचं पातेलं. बाबा पानं जुळवायचे, कडेला दाभणाने भोकं पाडून शिवायचे, काळं रेक्झिन चढवायचे आणि अक्षरांचे पितळी खिळे तापवून पाठीवर सोनेरी नाव उमटवायचे. बाबांची थोरली बहीण म्हणजे आत्या. ती दोऱ्याला मेण लावायची, खळ ढवळायची आणि बोलायची. आई एका दवाखान्यात केसपेपर काढायच्या कामाला होती, ती अंधार पडता पडता यायची. घर दुकानाच्या वरच. वर जायला दुकानातून एक जिना होता आणि मागच्या बोळातून दुसरा.

गावातल्या झाडून सगळ्या कॉलेजांचे प्रबंध बाबांकडे यायचे. चाळीस वर्षांत किती विद्वान त्यांच्या हाताखालून गेले असतील, त्याला गणती नाही. पण बाबांनी त्यातला एकही वाचला नव्हता. तो त्यांचा नियमच होता. अंगठा ओल्या स्पंजवर टेकवायचा, पानाचा खालचा कोपरा उचलायचा, आकडा बघायचा आणि पुढे. "वर बघायचं नाही," ते सांगायचे. "वर बघितलं की माणूस वाचायला लागतो. वाचायला लागला की पान चुकतं. आणि लोकांचं लोकांनी लिहिलेलं असतं, आपल्याला काय करायचंय?"

लहानपणी प्रोफेसर या टेबलाखाली खेळला, टेबलावर अभ्यास करून पहिला आला. कॉलेजात गेल्यावर मात्र त्याच्या नाकाला खळीचा वास येऊ लागला. आधी येत नव्हता, तोच वास. मग तो मागच्या जिन्याने ये-जा करू लागला. एकदा वर्गातला एक मित्र प्रोजेक्ट बाइंडिंगला टाकायला आला आणि शटरपाशी दोघांची गाठ पडली. मित्राने सहज विचारलं, "हे बाइंडर ओळखीचे आहेत का रे तुझ्या?"

"आमच्या खालच्या मजल्यावर दुकान आहे त्यांचं," प्रोफेसर म्हणाला.

बाबा चार हातांच्या अंतरावर पानं मोजत होते. त्यांचा अंगठा थांबला नाही. त्यामुळे त्यांनी ऐकलं नसावं, अशी प्रोफेसरने स्वतःची समजूत घातली. गेली चार वर्षं तो ती समजूत रोज घालत होता. जी गोष्ट मनाला खरंच पटलेली असते तिची समजूत रोज घालावी लागत नाही, एवढं मानसशास्त्र त्याला यायला हरकत नव्हती.

तर प्रोजेक्ट. कॉलेजातल्या मार्गदर्शक मॅडमनी विषय दिला होता: विद्यार्थ्यांना जगण्यात अर्थ कशात वाटतो, आणि आतून रिकामं वाटतं तेव्हा ते काय करतात. तीस विद्यार्थी गाठायचे, प्रत्येकाशी अर्धा तास बोलायचं, बोलणं रेकॉर्ड करायचं, जसंच्या तसं उतरवायचं. नावं द्यायची नाहीत, नुसते नंबर द्यायचे. विषय ऐकून प्रोफेसरला मनातून हायसं वाटलं होतं. आपल्याला जे सापडत नाही ते तीस जणांत कोणाला तरी सापडलंच असेल, त्यांच्याकडून आयतं घेता येईल असा त्याचा हिशोब होता.

कारण त्याचं स्वतःचं अवघड झालं होतं. सकाळी उठावंसं वाटत नसे. उठला तर कशाला उठलो असं वाटे. लेक्चर असेल तर जायचा, नसेल तर वर खोलीत पंख्याकडे बघत पडायचा. रडू येत नव्हतं, राग येत नव्हता, भूकही वेळेवर लागायची. घरात भांडण नाही, आजारपण नाही, प्रेमभंग म्हणावा तर प्रेमही नाही. दुःखाला कारण असलं की माणूस मान वर करून रडतो. याच्याकडे सांगायला कारणच नव्हतं, म्हणून त्याला नुसती लाज वाटायची. खाली साठी उलटलेला बाप दिवसभर उभा राहून पुठ्ठे कापतोय, आणि हा वर पडून विचार करतोय की आपल्याला काहीच का वाटत नाही. हे कोणाला कुठल्या तोंडाने सांगायचं?

अकरा जणांशी तो खरोखर बोलला. त्यातल्या सात जणांनी दोन्ही प्रश्नांना "माहीत नाही" असं उत्तर दिलं. एक म्हणाला, झोपतो. एक म्हणाला, मोबाइल बघतो, मग मोबाइल बघितल्याचं वाईट वाटतं म्हणून पुन्हा मोबाइल बघतो. एकाने विचारलं, याचे मार्क मिळणार आहेत का. अकरावी होती हॉस्टेलवर राहणारी एक बारीकशी मुलगी. ती म्हणाली, "मी कपाट आवरते. सगळ्या घड्या मोडते, पुन्हा घालते. कधीकधी दिवसातून चार वेळा." मग तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. "आणि तू? तू काय करतोस?"

प्रोफेसर हसला. रेकॉर्डर बंद केला. "माझं सोड," म्हणाला आणि उठला. ती मुलगी तिथेच बसून राहिली होती, हे त्याला जिना उतरताना दिसलं.

त्यानंतर त्याच्याने बाराव्याकडे जाववेना. कोणी तरी पुन्हा तेच विचारेल या भीतीने तो दारातूनच परत फिरायचा. पंधरा दिवस तसेच गेले. मॅडम वाट बघत होत्या. मग एका दुपारी त्याने खोलीचं दार लावून घेतलं आणि बारावा विद्यार्थी स्वतःच तयार केला. मग तेरावा. सुरुवातीला अडखळला, पुढे सरावला. चार दुपारींत त्याने उरलेले सगळे हातावेगळे केले. आणि काय एकेक नग! एक आंधळ्या मुलांसाठी पुस्तकं मोठ्याने वाचायचा. एक पहाटे तळ्यावर जाऊन पक्ष्यांच्या नोंदी ठेवायची. चौदा नंबरची मुलगी तर वर्षभर खोलीबाहेर पडली नव्हती आणि खिडकीतल्या कुंडीला एक नवीन पान आलं त्या दिवशी चप्पल घालून खाली उतरली. खऱ्या अकरांना मिळून जेवढा अर्थ सापडला नव्हता तेवढा खोट्यांतल्या एकेकाकडे पोत्याने होता.

मॅडमनी कच्ची प्रत वाचली आणि त्यांचे डोळे भरून आले. "इतकं मोकळं तुझ्याशी कशी बोलली रे ही मुलं?" त्या म्हणाल्या. "तुझ्यात काहीतरी आहे." प्रोफेसर खाली मान घालून उभा राहिला, आणि मॅडमना तो विनय वाटला.

मग त्यांनी पानं चाळता चाळता विचारलं, "तेवीस नंबर कुठंय?"

तर असं. बाविसानंतर गडी थेट चोविसावर गेला होता. "प्रिंटला राहिला, मॅडम," तो म्हणाला. "आज घालतो."

"घाल, आणि लगेच बाइंडिंगला टाक. परवा सकाळी नऊला चार प्रती टेबलावर हव्यात."

घरी येऊन तो लिहायला बसला तर डोकं चालेना. पक्षी झाले, कुंड्या झाल्या, आंधळी मुलं झाली. आता आणायचं कुठून? खालून शिकंज्याचं चाक फिरल्याचा कर्रकर्र आवाज येत होता. त्याने तो ऐकला आणि अर्ध्या तासात तेविसावा लिहून काढला. एकच पान. खाली आकडा टाकला एकेचाळीस. मागच्या पानावर चाळीस होता, म्हणून एकेचाळीस. पुढच्या पानावर आधीपासूनच एकेचाळीस आहे, हे बघायचं त्याला सुचलं नाही. चारही प्रतींत ते पान सरकवून तो मागच्या जिन्याने खाली गेला, वळसा घालून शटरपाशी आला आणि गठ्ठा टेबलावर ठेवला.

बाबांनी पहिल्या पानावरचं नाव पाहिलं. तेवढं बघावंच लागायचं, पाठीवर उमटवायचं असतं म्हणून. "झालं का तुझं?" ते म्हणाले आणि हात पुसून त्यांनी गठ्ठ्याच्या चारी कडा ठोकून सरळ केल्या. लोकांच्या गठ्ठ्यांना दोनदा ठोकायचे, याला पाच-सहा वेळा ठोकलं. "काळं नको. तुझ्यासाठी मरून रंगाचं रेक्झिन ठेवलंय मी. दोन वर्षं झाली आणून."

"काळंच लागतं, बाबा," प्रोफेसर म्हणाला आणि घाईने वर गेला. त्याला भीती अशी वाटलीच नाही. जगात कोणीही वाचलं तरी बाबा वाचणार नाहीत, याची त्याला स्वतःच्या नावापेक्षा जास्त खात्री होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो प्रती आणायला खाली उतरला, तेव्हा त्या तयार नव्हत्या. चारही प्रती शिवून झाल्या होत्या, पण पुठ्ठे चढवले नव्हते. बाबा स्टुलावर बसले होते. दुकानाच्या वेळात बाबा बसलेले त्याने कधी पाहिले नव्हते. त्यांच्या पुढ्यात एक प्रत उघडी होती आणि नाकावर चष्मा होता.

"आलास का, प्रोफेसरा?" आत्या म्हणाली. "बघ, तुझ्या बापाला काय झालंय. सकाळपासून वाचतोय. दोन गिऱ्हाइकं परत गेली. मी म्हटलं, डॉक्टरला बोलावू का?"

प्रोफेसरने उघड्या प्रतीकडे पाहिलं.

"पानं लावत होतो," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज चोरी पकडल्यासारखा झाला होता. "तर एकेचाळीस नंबरची दोन निघाली. आता आधी कुठलं, नंतर कुठलं? खालच्या आकड्यावरून कळेना. म्हणून वर बघितलं. मग म्हटलं, नियम मोडलाच आहे तर पुरता मोडू. तुझंच तर आहे."

"सगळं वाचलंत?"

"सगळं. इंग्रजी शब्द सोडून दिले." त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसला. "किती एकटी असतात रे ही पोरं. आपल्याला वाटतं, कॉलेजात जातात, मजा करतात. ती अकरा नंबरची मुलगी, कपाट आवरणारी. कशी आहे आता ती?"

"ठीक असेल."

"असेल म्हणजे? नंतर भेटला नाहीस?" बाबांनी पान शोधून काढलं. "तिने तुला विचारलंय इथं, तू काय करतोस म्हणून. तू काय सांगितलंस ते काही लिहिलेलं नाही. पान सुटलं की काय म्हणून मी चारही प्रतींत बघितलं."

आत्याने दोऱ्यावर मेण फिरवायचं थांबवलं होतं.

"आणि हा तेविसावा," बाबा म्हणाले आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. दोन एकेचाळिसांतलं पहिलं पान उघडून त्यांनी त्यावर हात ठेवला. "हा तर आपल्याच धंद्यातला निघाला. म्हणजे त्याचा बाप. आत्याला वाचून दाखवलं मी." आणि ते अडखळत, बोट फिरवत वाचू लागले. "'मला रिकामं वाटतं तेव्हा मी खाली वडिलांच्या दुकानात जाऊन बसतो. ते काही विचारत नाहीत. सुई-दोरा माझ्या हातात देतात आणि शेजारी सरकून जागा करतात. आम्ही दोघं न बोलता शिवत बसतो. संध्याकाळपर्यंत माझ्या हाताला खळीचा वास येतो आणि मला बरं वाटतं.'"

त्यांनी पान मिटलं नाही. "मी आठवून आठवून दमलो. गावात आपल्याशिवाय दुसरा बाइंडर कोण? पलीकडच्या बाजारातला एक होता, तो मुलाकडे निघून गेला. मग हा कोण? नशीबवान माणूस आहे. पोरगा कॉलेजात शिकतो आणि तरी खाली येऊन शेजारी बसतो."

प्रोफेसरने बापाच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. त्याला वाटलं, हे टोमणा मारतायत. मारला असता तर किती बरं झालं असतं! चार वर्षांपूर्वीचं ते वाक्य काढलं असतं, दोन शिव्या घातल्या असत्या, तर त्यालाही उलटून बोलता आलं असतं. पण त्या चेहऱ्यावर टोमण्याचा मागमूस नव्हता. बाबांना त्या दुसऱ्या बाइंडरचा मनापासून हेवा वाटत होता, आणि हेवा वाटल्याची थोडी लाजही. ते पाहून प्रोफेसरचे कान तापले, मान तापली. टेबलाखाली लपायचं त्याचं वय असतं तर तो लपला असता.

"बाबा, तो मुलगा नाहीये," तो म्हणाला.

बाबांचा हात पानावरून दचकून उचलला गेला. "गेला?" ते कुजबुजले. "काय करून घेतलं त्याने?"

"नाही, नाही. तसं नाही. म्हणजे तो नव्हताच कधी. मी लिहिलाय."

"तू लिहिलायस ते खरं, पण बोलला तोच ना?"

"कोणी बोललं नाही, बाबा. बारापासून पुढचे सगळे मी मनाने लिहिलेत. मी फक्त अकरा जणांना भेटलो. मॅडमना माहीत नाही. कोणालाच माहीत नाही."

पातेल्यातली खळ फुटफुटत होती. आत्याने उठून शेगडी बंद केली. आत्या काही बोलली नाही, ही त्या दिवसातली दुसरी अघटित गोष्ट.

"म्हणजे ती कुंडीवाली मुलगी?"

"नाही."

"आणि हा?" बाबांनी तेविसाव्याच्या पानाकडे नुसती मान हलवली.

"नाही."

"वाईट झालं," बाबा म्हणाले. "मला तो आवडला होता."

प्रोफेसरला वाटलं, आता विचारतील. का केलंस, लाज कशी वाटली नाही, यासाठी शिकवलं का. त्याने उत्तरंही जुळवून ठेवली. बाबा उठले, शिकंज्यापाशी गेले आणि कापून ठेवलेले पुठ्ठे हातात घेऊन उभे राहिले. ते काळे नव्हते. मरून होते.

"मी पानं मोजणारा माणूस," ते म्हणाले. "पानं मोजली, बरोबर आहेत. उद्या नऊला द्यायच्यात असं तू म्हणालास. सांग, चढवू का पुठ्ठे?"

आणि ते खरंच उत्तराची वाट बघत उभे राहिले. पाच मिनिटांचं काम होतं. पुठ्ठे चढले असते, पाठीवर सोनेरी नाव आलं असतं, डिग्री आली असती आणि बाबांनी कोणाजवळ चकार शब्द काढला नसता. चाळीस वर्षांत त्यांनी काय काय बांधून दिलं असेल कोणास ठाऊक. प्रोफेसरने तोंड उघडलं. "चढवा" हा शब्द जिभेच्या टोकाशी आला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. पण बाबांच्या हातातल्या मरून रेक्झिनवर त्याची नजर गेली आणि त्याने तो शब्द गिळला.

"नको," तो म्हणाला. "उसवा."

"मी शिवलेलं उसवत नाही. माझ्या हाताला ते जमायचं नाही." बाबांनी ड्रॉवरमधून पातळ पात्याची सुरी काढली आणि मुठीकडून त्याच्यापुढे धरली. "तू उसव. दोरा काप, पानं फाडू नकोस."

त्याने उसवलं. मेण लावलेला दोरा चिवट असतो, सहज तुटत नाही. प्रत्येक प्रतीला सात टाके, म्हणजे अठ्ठावीस टाके बापाच्या डोळ्यांदेखत कापले. मग एकोणीस विद्यार्थी चारही प्रतींतून वेगळे काढले. त्यांचा ढीग गुडघ्याएवढा नव्हता, पण त्याला तो तसा वाटला. बाबा तोवर दुसऱ्या कोणाची तरी पानं मोजत होते, खालचा आकडा बघत. आत्याने रद्दीचं पोतं आणून न बोलता त्याच्यासमोर उघडून धरलं.

उरलेल्या अकरांची चळत बाबांनी बोटात धरून पाहिली. "हे फार पातळ झालं. पाठीवर नाव बसायचं नाही."

"नुसतं शिवून द्या."

"तूच शीव. भोकं पाडलेलीच आहेत," असं म्हणून ते पुठ्ठे परत ठेवायला वळले.

दुसऱ्या दिवशी नऊला तो मॅडमच्या टेबलापाशी उभा होता. चार पातळ प्रती, वेडेवाकडे टाके, पुठ्ठा नाही. त्याने एका दमात सांगून टाकलं. मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी प्रत उचलली, खाली ठेवली आणि खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "चौदा नंबर मी माझ्या मुलीला वाचून दाखवला होता. ती सहा महिने कॉलेजला गेलेली नाही. खोलीतच असते. मी तिला एक कुंडी आणून दिली."

"सॉरी" हा शब्द त्याने म्हटला तेव्हा तो इतका हलका वाटला की परत घ्यावासा वाटला.

"तिला आता मी काय सांगू, ते मलाच बघावं लागेल," मॅडम म्हणाल्या. "तुझं वर्ष गेलं. पुढच्या वर्षी पहिल्यापासून कर. आणि त्या अकरा नंबरच्या मुलीला आधी भेट. तिने तुला काहीतरी विचारलंय."

हॉस्टेलच्या दारापर्यंत तो गेला. पण उत्तर तयार नव्हतं, म्हणून दोनदा रस्ता ओलांडून परत आला. शेवटी घराकडे वळला. बोळाच्या तोंडाशी पाय सवयीने आत वळत होते, ते त्याने ओढून बाहेर काढले आणि तो शटरमधून दुकानात शिरला.

"अगबाई, आज पुढच्या दाराने!" आत्या म्हणाली. "सूर्य कुठे उगवलाय बघून येते," आणि ती चहाचं निमित्त काढून वर निघून गेली.

प्रोफेसर टेबलापाशी उभा राहिला. बाबा शेजारी सरकले नाहीत, जागा केली नाही. टेबलाची दुसरी बाजू मोकळीच होती, तिकडे तो स्वतःच जाऊन बसला. "दोरा देऊ का काढून?" त्याने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ड्रॉवर ओढला. दोऱ्याच्या रिळाखाली एक पान घडी घालून ठेवलेलं होतं. चार घड्या, पण खालचा कोपरा बाहेर राहिला होता, आणि त्यावर आकडा होता एकेचाळीस. पोतं त्याने काल स्वतःच्या हाताने भरलं होतं. त्यानंतर कोणीतरी त्यात हात घालून एवढं एक पान शोधलं होतं.

त्याने रीळ काढलं आणि ड्रॉवर आवाज न करता लोटला.

"त्या पोराचा बाप काही विचारायचा नाही म्हणे," बाबा मोजता मोजता म्हणाले. "मला ते जमायचं नाही, आधीच सांगतो. काय झालं कॉलेजात?"

"वर्ष गेलं."

"हं. जेवलास?"

"नाही."

बाबांनी आणखी दहा-बारा पानं मोजली. मग अंगठा थांबला. प्रोफेसरने आयुष्यात पहिल्यांदा तो मध्येच थांबलेला पाहिला.

"त्या मुलीला तू काय सांगितलंस? रिकामं वाटतं तेव्हा तू काय करतोस?"

"काही नाही," प्रोफेसर म्हणाला. हे बोलायला त्याला इतका वेळ लागला की तेवढ्यात एक प्रबंध मोजून झाला असता. "मी काहीच करत नाही, बाबा. वर पडून असतो. पंख्याकडे बघतो. कशाचं वाईट वाटतं तेही कळत नाही. तुम्हाला सांगायची लाज वाटायची."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

बाबांनी वर छताकडे पाहिलं. बरोबर त्यांच्या डोक्यावर त्याची खोली होती. पंखा लावला की त्याची घरघर खाली टेबलापर्यंत यायची, आणि उन्हाळा-हिवाळा ती येतच होती. बाबांनी ती दोन वर्षं रोज ऐकली होती आणि पोरगा अभ्यास करतोय म्हणून आत्याला हळू बोलायला सांगितलं होतं.

"अरे," ते म्हणाले, "आम्ही खालीच होतो की रे."

प्रोफेसरला मान वर करता आली नाही. त्याने पुढ्यातला एक गठ्ठा ओढला, अंगठा स्पंजवर टेकवला आणि पानं मोजायला लागला. आकडे दिसत नव्हते. तीनदा चुकला, तीनदा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि बाबा आपलं काम बाजूला ठेवून तो चौथ्यांदा मोजेपर्यंत थांबून राहिले.